कोण वाचतं ते

"कोण वाचतं ते?" दाढी, म्हणजे खात्यातला तो तरुण दाढीवाला पोरगा, म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. खरोखरच माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस विचारतो तसं त्याने विचारलं, आणि विचारून झाल्यावर समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडझाप करत बसला. खात्याच्या प्रमुख म्हणून आलेल्या नव्या बाईंनी पडद्यावर वर्षभराचा खर्च लावला होता आणि त्यातल्या एका ओळीवर येऊन त्यांचा बाण थांबला होता. डेटाबेसवरचं मासिक, छापील, वार्षिक वर्गणी. खोलीतले सगळे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्याच्याकडे बघायला लागले, कारण डेटाबेस सांभाळणाऱ्यांमधला तोच सगळ्यात जुना, आणि दर महिन्याला ते मासिक येऊन पडायचं ते त्याच्याच टेबलावर. त्याने तोंड उघडलं. काहीतरी साधंसं बोलून मोकळं व्हायचं होतं, अधूनमधून चाळतो, बरं असतं, असं काही. आणि नेमका तेव्हाच समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून एक काळा धागा खाली घसरला. शिवताना तुटलेला दोरा हवेत सोडून द्यावा तसा, लोंबत, हेलकावे खात. त्याने हाताने तो बाजूला सारला. धागा हाताला लागला नाही. त्याने नजर उजवीकडे नेली तसा धागाही उजवीकडे गेला, आणि नजर थांबली तरी तो थोडा पुढे जाऊन मग थांबला, सांगितल्यानंतर जरा उशिराने ऐकणाऱ्या पोरासारखा.

"माशी आहे का?" नव्या बाईंनी विचारलं. तो नाही म्हणाला. मग मासिकाचं काय करायचं ते उद्यापर्यंत सांगा, तुम्ही म्हणाल तसं करू, असं म्हणून बाईंनी बाण पुढच्या ओळीवर नेला. बाई वयाने त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेण्याची त्यांना खरी सवय होती, आणि म्हणूनच त्याला जास्त अवघडल्यासारखं झालं. ऐकून न घेणाऱ्या माणसाला काहीही सांगून वाटेला लावता येतं.

जागेवर येऊन तो बसला. खिडकीखालच्या फळीवर मासिकाचे अंक उभे होते, पाठीला पाठ लावून, पातळ, गुळगुळीत. दुरून त्यांच्या पाठी म्हणजे नुसते रंगीत पट्टे. धागा त्या पट्ट्यांवरून फिरला. हा धागा काय आहे हे त्याला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात असाच आला होता, आणि तेव्हा त्याने चष्म्याच्या काचेवर काहीतरी असेल म्हणून आठवडाभर चष्मा पुसला होता. आता माहीत होतं. ताबडतोब उठायचं, डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं, वाटेत बायकोला फोन करायचा. इतकं सगळं स्वच्छ माहीत असूनही तो उठला नाही. त्याने फळीवरचा एक अंक काढला आणि उघडला, जणू बाईंनी उद्यापर्यंत सांगायला सांगितलेलं काम आधी संपवलं पाहिजे. कागदाचा वास आला, शाईचा आणि थोडा रॉकेलसारखा. या वासाचं त्याला नोकरीला लागला तेव्हापासून वेड होतं. तेव्हा सगळ्या ऑफिसात एकच अंक यायचा आणि तो आधी साहेब, मग त्यांच्या हाताखालचे, मग त्यांच्याही हाताखालचे असा फिरत फिरत शेवटी त्याच्यापर्यंत पोचायचा, तोवर कव्हरवर चहाचे गोल उमटलेले असायचे. तो घरी नेऊन प्रत्येक ओळ वाचायचा, जाहिरातीसुद्धा. लग्न नवीन होतं. बायको म्हणायची, काय एवढं वाचतोस, रहस्यकथा आहे का? तो म्हणायचा, तसंच समज. पुढे तिने विचारणं सोडलं, की त्याने सांगणं सोडलं, हे आता आठवून ठरवता येत नव्हतं.

दाढीचं बरोबर होतं, हे त्याला मान्य करावं लागत होतं. मासिकात जे येतं ते नेटवर दोन महिने आधी आलेलं असतं, तेही फुकट. काही अडलं की दाढी दोन शब्द टाइप करतो आणि जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कुणालातरी तेच आधी अडलेलं असतं. त्याने ते सोडवून, वर कसं सोडवलं तेही लिहून ठेवलेलं असतं. मासिक तसं कामाला येत नाही. काम थांबलंय, फोन वाजतायत, तेव्हा कुणी मासिक उघडत नाही. पण नेटवर उत्तर सापडतं ते आपल्याला पडलेल्या प्रश्नाचं. जो प्रश्न पडलेलाच नाही तो नेट कशाला विचारेल? मासिक उघडलं की नको असलेली, न विचारलेली, भलतीच कुठलीतरी गोष्ट समोर येते, आणि ती मनात कुठेतरी पडून राहते. कधी वर्षांनी उपयोगी पडते, कधी नाही पडत. शिवाय ते कुणीतरी वाचून, तपासून, खाडाखोड करून छापलेलं असतं. चूक निघाली तर पुढच्या अंकात कोपऱ्यात दिलगिरी असते. हे सगळं बाईंना सांगता येईल, आणि त्या मान डोलावतील, आणि दाढी विचारेल, सर, शेवटचा अंक तुम्ही कधी वाचलात? आणि त्याचं उत्तर असं होतं की त्याने तीन वर्षांत एकही अंक वाचला नव्हता. तो ते घरी न्यायचा, जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, काही दिवसांनी परत आणून फळीवर लावायचा. आणि त्याच्या आधीचे, तीन वर्षांपूर्वीचे, जे त्याला शब्दाशब्दाने पाठ होते, तेही त्याने वाचले नव्हते. ऐकले होते.

डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली. अंधाऱ्या खोलीत कुणी काडी ओढून लगेच विझवावी तशी. त्याने डोळे मिटले तरी ती पुन्हा चमकली.

तीन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. भिंतीवरचा कागद ओल धरून सुटतो ना, तसा आतून सुटतो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणि मग ऑपरेशन करून आत वायूचा बुडबुडा सोडला होता, तो बुडबुडा पडद्याला दाबून धरणार, पण बुडबुडा वर जातो, म्हणून माणसाने तोंड खाली करून पडून राहायचं. दिवसरात्र. दोन आठवडे. जेवायला आणि न्हाणीत जायला काय उठाल तेवढंच, तेही मान खाली घालून. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं आपल्याला हे जमणार नाही. मान आखडली, खांदे भरून आले, छाती दबून श्वास लागायला लागला. बायको पलंगाशी येऊन उभी राहिली. ती पोहायला शिकवायची. शहराच्या तलावावर, लहान मुलांना, बाळंतपण झालेल्या बायकांना, पन्नाशीनंतर पाण्याची भीती घालवायला आलेल्या पुरुषांना. तिने काही वेळ नुसतं बघितलं आणि मग त्याच्या मानेखाली हात घातला. "मान तू धरून ठेवली आहेस," ती म्हणाली. "सोड. उशी आहे खाली, बुडणार नाहीस. खांदे जाऊ दे खाली. श्वास तोंडाने सोड, सगळा." ती हे दिवसातून कितीतरी लोकांना सांगत असणार, त्याच शब्दांत. त्याला ती कधी काम करताना दिसली नव्हती. तलाव त्याच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि इतक्या वर्षांत तो एकदाही तिथे गेला नव्हता. त्याने मान सोडली. खरंच सुटली. तिच्या हाताला क्लोरीनचा वास होता आणि बोटांची टोकं किंचित खडबडीत होती, जन्मभर भिजून भिजून.

पण पडून करायचं काय? दुसऱ्या डोळ्याला दिसत होतं ते उशीला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून दिसणारी फरशी, आणि फरशीवरचा एक ओरखडा. फोन हातात धरून बघायला गेलं की मान वळायची. दाढीने फोनवर वाचून दाखवणारं एक साधन घालून दिलं होतं. ते नेटवरचं काहीही वाचायचं, पण गंमतही त्याच आवाजात आणि सूचनाही त्याच आवाजात, आणि तिसऱ्या मिनिटाला आपण कधीच ऐकणं थांबवलंय हे कळायचं. बायकोने वर्तमानपत्र वाचून बघितलं. त्याला आगी, अपघात, निवडणुका काहीच नको होतं. मग ऑफिसने घरी पाठवलेल्या टपालात मासिक निघालं, आणि तिने पलंगाशेजारी जमिनीवर, पाठ पलंगाला टेकवून, मांडीवर ते उघडलं. तिचा आवाज मोठा. पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत पोचवायची सवय. पहिलं वाक्य तिने असं वाचलं की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ती हळू झाली. लेखात मध्येच आज्ञा यायच्या, चिन्हं यायची. ती काहीच सोडायची नाही. "सिलेक्ट," ती वाचायची, "मग एक चांदणी आहे, मग फ्रॉम, मग ग्राहक. कंस सुरू. कंसात अजून एक कंस. हा बंद. पहिला अजून उघडाच आहे हं, लक्षात ठेव." त्याच्या पोटात हसू फुटलं. तोंड उशीत खुपसून हसणं फार कठीण असतं. "हसू नकोस, बुडबुडा हलेल," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. चांदणी. पंचवीस वर्षं तो ते चिन्ह दिवसातून शंभर वेळा उमटवत होता आणि ती चांदणी आहे हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

ते दोन आठवडे. त्यांच्याबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता, कारण काय सांगणार? मान आखडली, पाठ धरली, डोळा ठणकला. आणि इतकं सुख कधी लागलं नव्हतं. मुलगी शिकायला लांब गेल्यापासून घरात बोलणं उरलं होतं ते किल्ल्यांचं, बिलांचं, कोण कधी येणार याचं. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. दोन भाडेकरू एकमेकांना सांभाळून राहतात तसं चाललं होतं. आणि आता ती सकाळ संध्याकाळ त्याच्या कानाशी बसून वाचत होती, आणि कळलं नाही की थांबून विचारत होती. एकदा कुलपांवरचा लेख होता. एका कामाने एक कुलूप धरून ठेवलंय आणि त्याला दुसरं हवंय. ते दुसरं ज्याच्याकडे आहे त्याला हे पहिलं हवंय. दोघंही सोडत नाहीत, दोघंही वाट बघतायत. तिने तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला, स्वतःसाठी. "मग किती वेळ वाट बघतात?" तिने विचारलं. "सोडवलं नाही तर कायम," तो उशीत म्हणाला. "आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे." पान उलटल्याचा आवाज आला. "इथे लिहिलंय, यंत्र मधून मधून फेरी मारतं आणि असे दोघं सापडले तर एकाला सांगतं, तू मागे फिर, तुझं नंतर पहिल्यापासून कर. कुणाला सांगतं?" "ज्याचं मागे फिरणं सोपं असेल त्याला. बहुतेक वेळा." "हं," ती म्हणाली, आणि पुढे वाचायला लागली.

मग बुडबुडा विरघळला, पट्टी निघाली, त्या डोळ्याला दिसायला लागलं. सरळ रेघ मात्र त्या डोळ्याला तेव्हापासून मध्यभागी जराशी वाकलेली दिसते, दारांच्या चौकटी, टेबलाच्या कडा, पडद्यावरचे रकाने. सगळं काम डाव्या डोळ्यावर आलं. तो ऑफिसला जायला लागला. पहिल्या संध्याकाळी घरी आल्यावर मासिकाचा नवा अंक टेबलावर ठेवला आणि तो थांबला. तिने विचारावं, वाचू का? तीही थांबली असेल. त्याने म्हणावं, वाच ना. ती भाजी चिरत होती. त्याने टीव्ही लावला. धडधाकट माणसाने बायकोला काय म्हणून सांगायचं, बाई गं, माझ्याजवळ जमिनीवर बस आणि मला कंस वाचून दाखव? दुसऱ्या महिन्याचा अंक आला, तिसऱ्या. टेबलावर ठेवणं चालू राहिलं. ते ठेवणं हेच त्याचं विचारणं होतं, आणि ते तिला कळत नाही असं धरून तो रागावतही होता, मनातल्या मनात, अगदी थोडा.

आता ऑफिसात, खिडकीशी, मांडीवर अंक घेऊन बसला असताना पुन्हा वीज चमकली आणि धाग्याच्या सोबतीला बारीक काळे ठिपके आले, कुणी मिरी कुटून फुंकल्यासारखे. आणि भीतीच्या खाली त्याला दुसरं काहीतरी हललेलं जाणवलं. तो दचकला ते त्यानेच. डावा गेला तर ती पुन्हा वाचेल. हा विचार शब्दांत आला नाही. शब्दांत यायच्या आधीच अंगात ऊब पसरून गेली होती, थंडीत कुणी पांघरूण ओढून द्यावं तशी. मग शब्द आले आणि त्याला घाम फुटला. म्हणजे म्हणूनच आपण उठत नाही आहोत? फोन हातात घेऊन त्याने तो परत ठेवला. आत्ता तिला फोन केला की ती धावत येणार, आणि त्या धावत येण्याची आपण वाट बघत होतो हे तिला आवाजावरून कळणार. आणि नाही केला तर काळा पडदा एका कोपऱ्यातून वर चढायला लागेल. बाजूने दाढी गेला, आणि जाताना थांबला. "सर, मगाशी मी तसं म्हटलं त्याचं वाईट नका वाटून घेऊ. मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही बरे आहात ना? तुमचा चेहरा पांढरा पडलाय." या पोरसवद्या माणसाचा चेहरा धाग्याने मधोमध कापला होता. "डोळा बघ माझा," असं काहीतरी तो बोलून गेला, आणि मग "नाही, मी जातो, बाईंना सांग," म्हणून उठला.

दवाखाना उजवीकडे होता. तो डावीकडे वळला. उन्हाने फुटपाथ इतका पांढरा झाला होता की ठिपके मोजता आले असते. धागा त्याच्या पुढे पुढे चालला होता. तलावाच्या इमारतीचं दार जड होतं. ढकलल्यावर दमट, गरम हवा तोंडावर आली आणि तिच्याबरोबर तो वास, तिच्या केसांचा, टॉवेलांचा, घरातल्या खुंटीचा. जिथून तो वास यायचा ती जागा ही, एवढी मोठी, एवढी घुमणारी. काचेपलीकडे पाणी होतं आणि पाण्यात वयस्कर बायकांची एक रांग कठड्याला धरून पाय मारत होती. काठावर त्याची बायको. काळा पोशाख, गळ्यात शिट्टी, एक हात वर. तिचा आवाज काचेतूनही आला : "गुडघे नाही, मांडीपासून." किती उंच दिसत होती. घरी ती एवढी उंच नव्हती. तो काचेशी उभा राहून बघत राहिला, आणि तिने कसं कोण जाणे मान वळवली. हात खाली आला. तिने पाण्यातल्या बायकांना काहीतरी सांगितलं, दुसऱ्या शिक्षिकेला खूण केली आणि टॉवेल खांद्यावर टाकून ओल्या पावलांनी सरळ बाहेर आली.

"कुठला?" तिने विचारलं.

"डावा."

"कधीपासून?"

"जेवणानंतर. मीटिंग होती."

"आणि तू चालत इथे आलास. हलत, डुलत." ती रागावली होती, पण तिचा हात त्याच्या कोपराला लागला होता आणि तो ओला, गार होता. "मला फोन करता येत नाही?"

ती कपडे बदलून आली तेव्हा केस तसेच गळत होते. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि त्याचा कोपर तिने सोडला नव्हता.

दवाखान्यात परिचारिकेने दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबायला सांगितलं. हळूहळू सगळ्या वस्तूंच्या कडा वितळायला लागल्या. समोरच्या खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, शेजारी तिचा हात, सगळं उजेडात भिजल्यासारखं. काहीतरी बोलायचं म्हणून, भीती वाटते असं म्हणायचं नाही म्हणून, त्याने तिला मीटिंगची हकिगत सांगितली. मासिकाची ओळ, दाढीचा प्रश्न, बाईंनी उद्यापर्यंत मागितलेलं उत्तर.

"बंद करणार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, त्याने वळून बघितलं. चेहरा दिसला नाही, नुसता उजेड दिसला.

"करावं. कुणी वाचत नाही."

"मी वाचते. तू टेबलावर ठेवतोस ना, ते मी तलावावर नेते. दोन वर्गांच्या मध्ये वाचते. मग परत ठेवते. तू परत नेतोस. मला वाटलं तुला माहीत आहे. पानांना पाणी लागलेलं असतं, दिसत नाही तुला?"

त्याला खरंच दिसलं नव्हतं. "कळतं तुला?"

"अर्धं. काही वेळा त्याहून कमी. ते एक झाडावर लिहिणं चालू आहे ना, तीन अंक झाले, उलट्या झाडावर. ते मला आवडलंय. म्हणजे कळलं नाहीये, पण आवडलंय." ओल्या केसांतून एक थेंब त्याच्या हातावर पडला. "तू उठून सकाळी जातोस ते कुठे जातोस हे मला कधी कळलंच नाही. ऑफिस माहीत आहे. पण ऑफिसात बसून तू जातोस कुठे? तेव्हा वाचताना पहिल्यांदा वाटलं, दार किलकिलं झालंय. मग तू बरा झालास." ती हसली, पण पूर्ण नाही. "बरा झालास ते चांगलंच झालं."

"मला वाच म्हणून सांगायचं होतं," तो म्हणाला. "रोज." मग, डोळ्यांसमोर कुणाचाच चेहरा नव्हता म्हणून असेल, तो पुढचंही बोलला. "आज धागा दिसला तेव्हा मला आधी भीती वाटली. आणि मग बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. डोळा गेला तर तू पुन्हा बसशील. म्हणून उठलो नाही. म्हणून तुला फोन केला नाही."

ती इतका वेळ काही बोलली नाही की त्याला वाटलं ती उठून गेली. त्याने हात पुढे केला. तिचा गुडघा लागला. "वेडा आहेस," ती अखेर म्हणाली, आणि तिचा तो पाण्यावरून जाणारा आवाज अगदीच लहान झाला होता. "डोळे फोडून घ्यायची काय गरज आहे? माणसाला तोंड असतं." मग तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि परिचारिकेने नाव पुकारेपर्यंत तो तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर दिवा टेकवून वर, खाली, नाकाकडे, कानाकडे बघायला लावलं. पडद्याला चीर गेली होती, पण पडदा अजून जागेवर होता. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "उद्यावर टाकलं असतं तर आपल्याला पुन्हा उशीवर भेटावं लागलं असतं." चिरेभोवती लेसरने डाग द्यायचे, म्हणजे ती तिथेच थांबेल. हिरवा उजेड आला, पुन्हा पुन्हा, डोळ्याच्या तळाशी टाचणी लागावी तसा. त्याने मान धरून ठेवली होती हे त्याला कळलं आणि त्याने ती सोडली. ऑपरेशन नाही, बुडबुडा नाही. काही दिवस ओझं उचलायचं नाही, धावपळ करायची नाही. धागा मात्र राहील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण सवय होते, मग दिसेनासा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरूनच नव्या बाईंना फोन केला. आधी त्यांनी डोळ्याची सगळी चौकशी केली. मग तो म्हणाला, मासिक बंद करा. आपल्याकडच्या लोकांना अडलेलं सोडवायला त्याची गरज नाही, ते त्यांना फुकट आणि लवकर मिळतं. फळीवर लावण्यासाठी ऑफिसने ते घेऊ नये. हां, कुणी सावकाश वाचणारं असेल, ज्याला घाई नाही, ज्याला न पडलेले प्रश्न पण हवे असतात, त्याच्यासाठी ते अजूनही चांगलं आहे. पण तो ज्याचा त्याने घ्यायचा निर्णय आहे. बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही भांडाल त्याच्यासाठी." तो म्हणाला, मलाही वाटलं होतं. फोन ठेवल्यावर त्याला थोडं रितं वाटलं, इतक्या वर्षांचं काहीतरी आपल्याच हाताने बंद केल्यासारखं, आणि ते रितेपण त्याने तसंच राहू दिलं. दुपारी त्याने बायकोच्या नावाने वर्गणी भरली. पत्त्यात पहिल्यांदाच तिचं पूर्ण नाव टाइप करताना त्याची बोटं जरा अडखळली.

ती संध्याकाळी आली. केस ओले, खांद्यावर पिशवी, पिशवीत पाण्याने फुगलेला जुना अंक. त्याने खुर्ची ओढली, तिनेही ओढली. "वाचू?" तिने विचारलं, अगदी सहज, इतक्या सहज की हा प्रश्न तीन वर्षं कुठे अडून बसला होता असं वाटावं. तो म्हणाला, "नको. आज मला दिसतंय." मग तिचा चेहरा पडायच्या आत घाईने म्हणाला, "तुला काय कळलं नाही ते सांग."

तिने अंक उघडला आणि बोट ठेवलं. झाड उलटं का? मूळ वर का? आणि इथे म्हणतात हे झाड वरून वाढतं, ते कसं, झाड कधी वरच्या बाजूने मूळ फोडून वाढतं का? तो सांगायला लागला आणि दुसऱ्याच वाक्याला अडला. डेटाबेसमधली माहिती चटकन सापडावी म्हणून ती अशा झाडासारखी रचतात, ही गोष्ट तो रोज वापरत होता, पण ती सांगायला घेतली की हातात शब्दच येत नव्हते. आले ते ऑफिसातले, आखूड, अर्धे. त्याने ते टाकून दिले. समज खूप पानं आहेत, तो म्हणाला, आणि सगळी पानं मुळापासून सारख्याच अंतरावर राहिली पाहिजेत, म्हणजे कुठलंही शोधायला सारखाच वेळ लागतो. नवं काही आलं की ते पानात घालायचं. पान भरलं की त्याचे दोन तुकडे होतात, आणि मधलं एक वर जातं, वरच्या फांदीत. फांदी भरली की तिचेही दोन. असं करत करत कधीतरी मूळच भरतं. मग मूळ फुटतं, आणि त्याच्या डोक्यावर नवं मूळ येतं.

"आणि जुनं?"

"जुन्याच्या दोन फांद्या होतात. त्या तिथेच राहतात. फक्त आता मूळ म्हणत नाहीत त्यांना."

ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. कपाळावर टोपीचा वळ अजून होता. तिच्या चेहऱ्यावरून धागा हळूच गेला आणि कडेला जाऊन थांबला, आणि त्याने त्याच्या मागे नजर नेली नाही.

"थांब," ती म्हणाली. "मधलं एक वर जातं म्हणालास, तिथे माझं सुटलं."

ऑफिसात कुणी हे वाक्य म्हटलं की तो आतून चडफडायचा. त्याने टेबलावरच्या चमच्यांचा ढीग जवळ ओढला, ते एका रांगेत मांडले, आणि पुन्हा पानापासून सांगायला लागला, सावकाश.